सिलियाक आणि टीटीजी: मोठ्या माणसांनी हे आकडे कसे वाचायचे?

रानजाई

गहू बंद करून वर्ष उलटलं. सिलियाक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतडं दुखावणारा आजार; त्याचं निदान चाळिशीत झालं. पोटाचा त्रास म्हणावा असा कधी नव्हताच, पण हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं खाली. लोहाच्या गोळ्या घेतल्या की थोडं वर यायचं, थांबवल्या की पुन्हा तिथेच. 'बायकांना असतंच' हे सगळीकडे ऐकलं. शेवटी एका फिजिशियन बाईंनी "गोळी पोटात जातेय, रक्तात का उतरत नाही ते बघू" असं म्हणून टीटीजी-आयजीए ही सिलियाकमधली प्रतिपिंडं मोजणारी रक्तचाचणी करायला लावली. ती मर्यादेच्या दहापटीहून जास्त आली. मग एंडोस्कोपी, बायोप्सी, आणि रिपोर्टवर 'मार्श ३', म्हणजे आतड्यातले अन्न शोषणारे बारीक अंकुर झडलेले.

आता टीटीजी बरीच उतरली आहे, पण अजून मर्यादेच्या साधारण दुप्पट आहे. डॉक्टर म्हणतात, उतरतेय ना, मग चालू ठेवा. घरात मात्र 'चोरून खातेस का' असा सूर लागतो, आणि तो फार लागतो मनाला. मध्यंतरी दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं तर आकडा एकदम वेगळाच आला, मर्यादाही वेगळी छापलेली.

इथे कुणी या वाटेवर असेल तर सांगा: हा आकडा उतरायला किती वेळ लागतो? तो नॉर्मल आला म्हणजे आतडं भरून आलं असं समजायचं का? आणि वर्षभर नीट पथ्य पाळूनही तो वर का राहतो? मराठीत यावर जे सापडतं ते बहुतेक लहान मुलांबद्दल आहे. मोठ्यांसाठी म्हणून हा धागा काढतेय.

सूक्ष्मदर्शक

रानजाई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे आधी लॅबच्या बाजूने सांगतो.

दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून बघूच नका. टीटीजीच्या किट वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतात आणि प्रत्येकीचं एकक तिचं तिचं असतं. एकीची मर्यादा ४ असते, दुसरीची १०, तिसरीची २०. त्यामुळे '६०' या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. छापलेल्या मर्यादेच्या किती पट, हे बघायचं. ती पटसुद्धा किट बदलली की थोडी हलते, म्हणून शक्यतो एकच लॅब धरा. लॅबने किट बदलली असेल तर ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरं म्हणजे टोटल आयजीए कधी केली होती का? टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडं आयजीए जातीची. काहींच्या शरीरात ही जातच जवळजवळ बनत नाही, आणि सिलियाकच्या रुग्णांत अशी माणसं २ ते ३ टक्के असतात. त्यांची टीटीजी-आयजीए आतडं पूर्ण खराब असतानाही 'निगेटिव्ह' येते. त्यांच्यासाठी आयजीजी जातीच्या चाचण्या करतात, म्हणजे डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी. तुमची पॉझिटिव्ह आली होती, म्हणजे तुम्हाला हा प्रश्न नाही. पण भावंडांची तपासणी करताना टोटल आयजीए सोबत मागून घ्या, एका वेळच्या रक्तात दोन्ही होतात.

अजूनही कुठे कुठे अँटी-ग्लायाडिनची चाचणी लिहून देतात (ग्लायाडिन हा ग्लूटेनचाच एक भाग). ही सगळ्यात जुनी. निरोगी माणसांतही बरेचदा पॉझिटिव्ह येते, म्हणून निदानासाठी आता तिच्यावर विसंबत नाहीत. डीजीपी ही तिची सुधारलेली आवृत्ती.

आणि ईएमए, म्हणजे एंडोमायसियल. ही १९८३ साली वर्णन झाली. माकडाच्या अन्ननलिकेचा पातळ काप काचेवर घेतात, त्यावर रुग्णाचं सीरम सोडतात, चमकणारा रंग लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पॉझिटिव्ह असेल तर स्नायूंच्या तंतूंभोवती हिरवी जाळी उजळते. ही जाळी नेमकी कशावर चिकटते ते मात्र त्या वेळी माहीत नव्हतं. १९९७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी तो पदार्थ ओळखला: टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजेच टीटीजी. तेव्हापासून हे मोजणं यंत्रावर आलं, स्वस्त झालं, सगळीकडे पोचलं. तरीही संशयाची जागा असली की ईएमए करतात, कारण ती खोटी पॉझिटिव्ह क्वचितच येते. ती वाचायला मात्र सरावलेला डोळा लागतो.

उंबरठा

इंदूरहून लिहितोय. आमच्याकडे दोन्ही वेळा पोळीच, भात नावाला.

माझ्या धाकट्या भावाने नेटवर वाचून स्वतःच गहू सोडला. पोट फुगणं थांबलं, वजन वाढलं, घरातले सगळे खूश. काही महिन्यांनी टीटीजी केली तर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, या नॉर्मलचा काही उपयोग नाही, गहू खात असतानाच ही चाचणी करायची असते. आता निदान पक्कं करायचं तर पुन्हा काही आठवडे गहू खायला सांगतायत आणि तो तयार नाही. काय करावं? इतरांना मात्र कळकळीने सांगतो: शंका असेल तर आधी रक्त द्या, मग पोळी सोडा.

अंतरंग

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण प्रश्न नेमके आहेत म्हणून लिहितो.

उंबरठा, तुमच्या भावासाठी एक मधला मार्ग आहे. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची तपासणी. तिला गहू खाण्याची गरज नाही. दोन्ही नसतील तर सिलियाक जवळजवळ बाद होतो आणि भाऊ मोकळा होतो. असतील तर मात्र त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण ही जनुकं साधारण तिघांतल्या एकाकडे असतातच. मग गहू परत सुरू करून तपासावं लागतं. अमेरिकेतल्या मार्गदर्शनानुसार रोज ३ ग्रॅम ग्लूटेन किमान २ आठवडे, आणि सोसवलं तर ८ आठवड्यांपर्यंत. ब्रिटनमध्ये रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लूटेन, किमान ६ आठवडे असं सांगतात. एका मध्यम पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं, म्हणजे हे प्रमाण दीड पोळीच्या आतबाहेर आलं. ते डॉक्टरांच्या देखरेखीत करायचं.

रानजाई, आता तुमचं. प्रतिपिंडं तयार होणं थांबायला वेळ लागतो, कारण आतड्यातल्या पेशींची ग्लूटेनची ओळख एका दिवसात पुसत नाही. पथ्य सुरू केल्यावर सहा महिन्यांत ठळक घसरण दिसायला हवी. पण सुरुवातच दहापटीच्या वर असेल तर मर्यादेखाली यायला मोठ्या माणसांत वर्ष-दोन वर्षं सहज लागतात, क्वचित त्याहूनही जास्त. वर्षाने दुप्पट उरली असेल आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी येत असेल, तर त्यात वावगं काही नाही. 'चोरून खातेस' हा निष्कर्ष या आकड्यातून निघत नाही, हे घरच्यांना माझ्याकडून सांगा.

मला काळजी वाटते ती दोन प्रकारच्या आलेखांची: उतरता उतरता एका जागी अडकलेला, किंवा उतरून पुन्हा चढलेला. तेव्हा नव्वद टक्के शोध स्वयंपाकघरात घ्यावा लागतो.

तुमचा दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. नॉर्मल टीटीजी म्हणजे आतडं भरलं, असं नाही. पथ्यावर असलेल्या लोकांच्या बायोप्सी आणि टीटीजी शेजारी ठेवून पाहिलेले अनेक अभ्यास आहेत. ते एकत्र केले तर दिसतं, की ज्यांच्या आतड्यातले अंकुर अजून झडलेले होते, त्यांतल्या जवळपास निम्म्यांची टीटीजी नॉर्मल होती. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने मोठ्या माणसांचे आकडे दिले: पथ्य सुरू झाल्यावर २ वर्षांनी ३४ टक्के आणि ५ वर्षांनी ६६ टक्के लोकांची आतडी भरून आलेली होती. मुलांची आतडी याहून लवकर भरतात. म्हणून चढलेली टीटीजी ऐकायची, पण उतरलेल्या टीटीजीवर सगळा भार टाकायचा नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, डी जीवनसत्त्व, यकृताची एन्झाइम, थायरॉइड, आणि मोठ्या वयात निदान झालं असेल तर हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी, हे सगळं सोबत बघायचं. तुमच्या बाबतीत मी तर टीटीजीच्या आधी फेरिटिन विचारीन. गोळ्या थांबवूनही ते टिकतंय का? टिकत असेल तर आतडं काम करू लागलं आहे.

पाणपोई

स्वयंपाकघराचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याची टीटीजी अशीच अडकली होती. पोळी नाही, ब्रेड नाही, बिस्कीट नाही, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: दळण कुठे करता?

गिरणीत! आणि कुठे करणार? कोपऱ्यावरची गिरणी, दिवसभर गहू दळते, मध्येच आपली ज्वारी टाकते. आधीच्या दळणाचं पीठ दगडात, चाळणीत, खालच्या कापडी पिशवीत राहतं, ते पुढच्या डब्यात येतं. एरवी आपण म्हणतोच की, 'ज्वारी बाजरीवर टाका, गव्हावर नको.' उपासाच्या भाजणीला तर आवर्जून वेगळी वेळ मागतो. म्हणजे गिरणीत मिसळ होते हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, फक्त आजारासाठी तो विचार होत नाही. आधी मूठभर तांदूळ फिरवून घेतले तरी गिरणी पुरेशी स्वच्छ होत नाही, असं आम्हाला बजावलं. आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा पडू दिला नाही. धान्यही आख्खं आणून निवडून घेते, कारण किराणा दुकानात गव्हाच्या पोत्यातलं माप ज्वारीच्या पोत्यात फिरतं. पुढच्या दोन तपासण्यांत टीटीजी मर्यादेत आली.

हिंग बघा. डबीतल्या हिंगात खरा हिंग थोडा असतो, बाकी डिंक आणि पीठ. ते पीठ बहुतेक वेळा मैदा. आणि आपल्याकडे वरण, भाजी, आमटी, ताक, लोणचं, सगळ्याला हिंगाची फोडणी. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबीमागचं बारीक अक्षर वाचून घ्यायचा.

मेतकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी असतो. सातूच्या पिठात असतो. कुरडई म्हणजे तर गव्हाचा चीक. शेवया, सांजा, प्रसादाचा शिरा उघड आहेत, त्यामुळे ते टळतात. घात होतो तो मेतकूट-भातात, कारण तो आजारी माणसाला हलकं म्हणून मायेने दिला जातो. शिवाय एकच परात, एकच लाकडी पोळपाट, पुऱ्या तळलेल्या तेलात तळलेले साबुदाणेवडे. आमच्या घरी आता पोळ्यांची कणीक वेगळ्या ओट्यावर मळतात.

सोनकी

पाणपोई, फार मोलाचं लिहिलंत. एक विचारते, खपली गहू चालतो असं आमच्याकडे सगळे सांगतात. त्यात ग्लूटेन कमी असतं म्हणे?

अंतरंग

सोनकी, नाही चालत. खपली हा गहूच आहे आणि त्यातल्या ग्लूटेनने सिलियाकमध्ये आतडं तसंच दुखावतं. मधुमेहात खपलीबद्दल काय बोलायचं तो वेगळा विषय, पण सिलियाकमध्ये खपली, बन्सी, दलिया, रवा, जव, राय यांत डावंउजवं काही नाही.

किती कमी म्हणजे पुरेसं कमी, याचं उत्तर इटलीतल्या २००७ च्या एका काटेकोर अभ्यासातून मिळालं. पथ्यावरच्या मोठ्या माणसांना ३ महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तेवढ्याने आतड्याला इजा दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा चाळीस-पन्नासावा भाग. आता पाणपोईंच्या गिरणीचा विचार करा. एवढंसं पीठ दळणात येणं किती सोपं आहे! 'ग्लूटेनमुक्त' छापायची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ठेवली आहे ती याचमुळे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. इतक्या थोड्या ग्लूटेनने टीटीजी हलेलच असं नाही. आतड्याला ते कळतं, पण रक्तात कधी उमटतं, कधी नाही. त्यामुळे 'चाचणी नॉर्मल आहे, म्हणजे आमच्या गिरणीचं पीठ मला चालतं' हे गणित धरू नका.

धुकं

मी लीड्सला असतो. माझं निदान २०२० मध्ये, कोविडच्या काळात, बायोप्सीशिवाय झालं. त्या वेळी एंडोस्कोपी जवळपास बंद होत्या. लक्षणं असलेल्या, ५५ च्या आतल्या ज्यांची टीटीजी दहापट किंवा जास्त आहे आणि ईएमएही पॉझिटिव्ह आहे, त्यांना बायोप्सीविना निदान द्यायला इथल्या तज्ज्ञांच्या संघटनेने मुभा दिली. नळी घालायला नको म्हणून मला तेव्हा बरं वाटलं. आता बहिणीला ठाण्यात एवढीच टीटीजी आली आहे आणि तिला मात्र एंडोस्कोपी सांगितली आहे. ती म्हणते, तुला नाही तर मला का? तिला काय सांगू?

अंतरंग

धुकं, तिला सांगा की तिचे डॉक्टर योग्य तेच करतायत. मुलांमध्ये युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी २०१२ पासून ठरावीक अटींवर बायोप्सी वगळायला परवानगी दिली, २०२० मध्ये अटी सैल केल्या. मोठ्यांमध्येही वारा त्याच दिशेने वाहतो आहे. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात एंडोस्कोपीला नकार देणाऱ्या किंवा ती करता न येणाऱ्या लक्षणं असलेल्या प्रौढांसाठी दहापट टीटीजी आणि वेगळ्या नमुन्यात पॉझिटिव्ह ईएमए, यावर 'बहुधा सिलियाक' म्हणायला वाव आहे.

तरी माझ्यासमोर मोठा माणूस असेल तर मी बायोप्सीच सुचवतो. पथ्य जन्मभराचं आहे. पंधरा-वीस वर्षांनी 'मला खरंच होतं का' हा प्रश्न पडतो, आणि तेव्हा पुन्हा गहू खाऊन शोधणं फार जड जातं. शिवाय आपल्याकडे आतड्याचे अंकुर झडायला इतर कारणंही पुष्कळ आहेत: जिआर्डिया, ट्रॉपिकल स्प्रू, आतड्याचा क्षय. रक्तदाबाच्या ओल्मेसार्टन या गोळीनेही हुबेहूब असं चित्र काही जणांत दिसतं, तिथे टीटीजी निगेटिव्ह असते. (कुणी हे वाचून गोळी परस्पर थांबवू नये. जुलाब आणि वजन घटणं असेल तर डॉक्टरांना दाखवावं.) उलट बाजूने, मर्यादेच्या जेमतेम वर गेलेली टीटीजी यकृताच्या जुनाट आजारात, संसर्गानंतर, टाइप १ मधुमेहात सिलियाक नसतानाही दिसते, आणि कधी आपोआप उतरते. दहापट आणि दीडपट यांना एकच 'पॉझिटिव्ह' शब्द लावला जातो, तिथून बरेच घोटाळे सुरू होतात. दीडपटीवर कुणाचा गहू जन्मभर बंद करू नये.

बायोप्सीत तुकडे किती घेतले हेही विचारा. आजार ठिपक्याठिपक्यांनी असतो, म्हणून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन आणि पुढून किमान चार घ्यायचे असतात.

खडूफळा

हा मुळात पंजाब-हरियाणाचा आजार ना? आमच्या सांगली भागात आजी-आजोबांच्या काळात कुणी नावही ऐकलं नव्हतं.

सूक्ष्मदर्शक

खडूफळा, नाव ऐकलं नव्हतं कारण चाचणी नव्हती, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग जास्त विचार करण्यासारखा आहे. २०१६ मध्ये भारतातल्या २३ हजारांहून जास्त निरोगी प्रौढांचं रक्त तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिलियाकचं प्रमाण उत्तरेत ०.८५ टक्के, ईशान्येत ०.४७ आणि दक्षिणेत ०.०१ टक्के निघालं. जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारखीच. गव्हाचं खाणं पाहिलं तर उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. ईशान्येत गहू फार नाही, ३७ ग्रॅमच, तरी प्रमाण दक्षिणेपेक्षा बरंच जास्त, म्हणजे नुसत्या गव्हाने सगळं उलगडत नाही. पण जनुकं असूनही आजार दिसण्यात ताटाचा हात असावा असं वाटतं.

आपला भाग त्या तीन प्रदेशांत नव्हता. पण सांगली-सोलापूरकडे ज्वारीची भाकरी जाऊन पोळी कधी आली ते घरातल्या मोठ्यांना विचारा. म्हणून मी म्हणतो, लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पांडुरोग दिसला की इथेही टीटीजी करून बघावी.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. अंतरंग, फेरिटिन टिकलं आहे, गोळ्या थांबवून बरेच महिने झाले तरी. हे चांगलं लक्षण आहे हे आज कळलं. आकडा आता पटीत लिहून ठेवते आहे, आणि एकाच लॅबचा. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. पाणपोईंचं मेतकुटाचं वाचल्यावर त्यांनी डबा उचलून शेजारी दिला आणि गहू न घालता नवं मेतकूट भाजायला घेतलंय. घरघंटीची चौकशी सुरू आहे. तोवर तांदळाची पिठी मिक्सरवर.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. धाकटी बहीण आणि आई, दोघींना काही त्रास नाही. आईचं मनगट मात्र नुसतं घसरून टेकल्यावर मोडलं होतं. दोघींची चाचणी करावी का? आणि एकदा निगेटिव्ह आली की सुटलो का?

अंतरंग

दोघींची करा, त्रास नसला तरी. आईवडील, भावंडं आणि मुलं यांच्यात सरासरी ७ ते ८ टक्क्यांना हा आजार सापडतो, भावंडांत थोडा जास्त. टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए, दोन्ही नेहमीचं गव्हाचं खाणं चालू असताना. तुमच्या काळजीने बहिणीने आधीच पोळी कमी केली असेल तर तसं डॉक्टरांना सांगा.

एकदा निगेटिव्ह म्हणजे कायमचं निगेटिव्ह नाही, कारण हा आजार साठीतही सुरू होऊ शकतो. एचएलए करून घेतली आणि दोन्ही जनुकं नसली तर पुन्हा तपासायची गरज उरत नाही. असली तर काही वर्षांनी, किंवा पांडुरोग, जुलाब, वजन घटणं असं काही दिसलं की लगेच, परत करायची.

आईंची डेक्सा टीटीजीच्या निकालाची वाट न बघता करून घ्या. एवढ्याशा पडण्याने मोडलेलं मनगट हे तिच्यासाठी पुरेसं कारण आहे. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वही त्याच रक्तात तपासायला सांगा.